इजिप्तची २०१२ची राष्ट्राध्यक्ष निवडणूक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२०११च्या उठावातले कैरोच्या तहरीर चौकातले ते अठरा दिवस सगळ्यांना आठवतात. त्यानंतरचे सोळा महिने मात्र फारसे कुणाच्या लक्षात नाहीत. खरी लढाई त्या सोळा महिन्यांत झाली आणि ती गल्लीबोळांइतकीच कोर्टकचेऱ्यांत, अर्जांच्या छाननीत आणि कलमांच्या शब्दांत लढली गेली. मित्रमंडळींत हा विषय निघाला की ठरावीक प्रश्न येतात. त्यांची उत्तरं एकदाची लिहून ठेवतो आहे.

आधी थोडक्यात सांगा, नेमकं काय झालं?

२५ जानेवारी २०११ला कैरोत आणि इतर शहरांत लोक रस्त्यावर उतरले. ११ फेब्रुवारीला होस्नी मुबारक पायउतार झाले. ते १९८१पासून सत्तेवर होते. सरकारनेच नेमलेल्या सत्यशोधन समितीच्या मोजणीनुसार या काळात किमान ८४६ माणसं मेली. सत्ता मात्र लोकांच्या हाती आली नाही. ती गेली सर्वोच्च लष्करी परिषदेकडे, म्हणजे फील्ड मार्शल मोहम्मद हुसेन तंतावी आणि त्यांच्या सेनापतींकडे. राष्ट्राध्यक्षपदाचं मतदान मे आणि जून २०१२मध्ये दोन फेऱ्यांत झालं. २४ जूनला मुस्लिम ब्रदरहूड या इस्लामी संघटनेचे मोहम्मद मुर्सी विजयी घोषित झाले. वर्षभरानं, ३ जुलै २०१३ला, लष्करानं त्यांना हटवलं.

मुबारकांच्या काळातही निवडणुका होत होत्याच की?

होत होत्या, पण नावापुरत्या. २००५पर्यंत तर मतपत्रिकेवर एकच नाव असायचं. संसद एक माणूस सुचवणार आणि जनतेनं फक्त हो किंवा नाही म्हणायचं. आपल्याकडे दिलेल्या स्थळाला मान हलवायला सांगतात तसाच प्रकार. २००५ला पहिल्यांदा एकाहून जास्त उमेदवार उभे राहू दिले. मुबारकांना ८८ टक्क्यांहून जास्त मतं पडली. दुसऱ्या क्रमांकावरच्या आयमन नूर यांना सात टक्क्यांच्या आसपास पडली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्यांना पाच वर्षांची शिक्षाही झाली. दुसरा नंबर काढल्याचं बक्षीस म्हणा.

त्यामुळे २०१२च्या मे महिन्यात रांगेत उभ्या असलेल्या साठीच्या माणसालाही निकाल आधी ठाऊक नसलेली राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक आयुष्यात पहिल्यांदाच पाहायला मिळत होती. पुढच्या सगळ्या तक्रारी वाचताना हे डोक्यात असू द्या.

लष्करानं सहा महिन्यांत सत्ता सोडतो म्हटलं होतं. मग सोळा महिने का लागले?

कारण घाई त्यांना नव्हती, चौकाला, म्हणजे तहरीरच्या आंदोलकांना, होती. फेब्रुवारी २०११मध्ये सहा महिन्यांचा वायदा झाला. उन्हाळा सरला, नोव्हेंबर उजाडला, तरी राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीची तारीख कुणी सांगेना. तहरीर चौकाजवळच्या मोहम्मद महमूद रस्त्यावर नोव्हेंबरात निदर्शक आणि पोलिसांत पाच-सहा दिवस धुमश्चक्री चालली. चाळीसहून जास्त लोक मेले, कित्येकांचे डोळे छर्‍यांनी गेले. त्या धामधुमीतच, २२ नोव्हेंबरला, तंतावी टीव्हीवर आले आणि जून २०१२ संपायच्या आत राष्ट्राध्यक्ष निवडू, असं सांगून गेले.

निवडणुकीची तारीख निवडणूक आयोगाच्या पत्रकातून येते, अशी आपल्याला सवय. इजिप्तमध्ये ती अशी आली.

‘कलम २८’चं एवढं काय घेऊन बसलात?

सगळी ग्यानबाची मेख तिथेच होती, म्हणून.

मार्च २०११मध्ये लष्करानं राज्यघटनेतल्या काही दुरुस्त्या सार्वमताला टाकल्या. ४१ टक्के लोकांनी मतदान केलं, त्यातल्या ७७ टक्क्यांनी होकार दिला. पाठोपाठ महिनाअखेर लष्करानं हंगामी घटनात्मक जाहीरनामा काढला. त्यातलं २८वं कलम, सार्वमतातल्या दुरुस्त्यांमधूनच आलेलं, असं: राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक पाच ज्येष्ठ न्यायाधीशांचा आयोग घेईल आणि त्याचे निर्णय अंतिम असतील. कुठल्याही कोर्टात, कुठल्याही मार्गानं त्यांना आव्हान देता येणार नाही.

आपल्याकडेही निवडणूक चालू असताना कोर्ट सहसा मध्ये पडत नाही. पण निकालानंतर निवडणूक याचिका दाखल करता येते. इंदिरा गांधींची १९७१ची निवड अलाहाबाद उच्च न्यायालयानं १९७५मध्ये रद्द केली होती, हे जुन्या पिढीला सांगायला नको. आपल्या राष्ट्रपतींच्या निवडणुकीचा वादसुद्धा सर्वोच्च न्यायालयात नेता येतो. इजिप्तच्या आयोगावर असं वर कुणीच नव्हतं. तक्रार ऐकणारा तोच आणि निकाल देणाराही तोच.

आयोगाचे अध्यक्ष होते फारूक सुलतान. ते सर्वोच्च घटनात्मक न्यायालयाचेही मुख्य न्यायाधीश होते आणि त्या खुर्चीवर त्यांना २००९मध्ये खुद्द मुबारकांनी बसवलं होतं. त्याआधी त्यांनी लष्करी न्यायालयांत काम केलेलं. माणूस प्रामाणिक असेलही. पण ज्या राजवटीविरुद्ध उठाव झाला तिनं नेमलेल्या न्यायाधीशाच्या हाती शिट्टी, आणि त्याच्या निर्णयावर दाद मागायची सोय नाही.

यातला खरा विनोद ब्रदरहूडचा. मार्च २०११मध्ये ‘हो’ म्हणा म्हणून घरोघर फिरणारे तेच होते. वर्षभरानं त्यांच्याच उमेदवाराचा अर्ज बाद झाला, तेव्हा त्याच कलमाविरुद्ध त्यांनी तहरीर चौकात घोषणा दिल्या.

उमेदवार व्हायला काय लागायचं?

तीन वाटा होत्या. किमान १५ प्रांतांतून मिळून ३० हजार मतदारांच्या सह्या, त्यात प्रत्येक प्रांतातून किमान हजार. किंवा ३० खासदारांचा पाठिंबा. किंवा संसदेत निदान एक जागा असलेल्या पक्षाची उमेदवारी. शिवाय वय किमान चाळीस हवं, आणि आईवडील दोघंही इजिप्शियन, त्यांच्याकडे कधीही दुसऱ्या देशाचं नागरिकत्व नसलेले.

एका दिवसात दहा अर्ज बाद झाले ते कोणाचे?

१४ एप्रिल २०१२. अर्ज २३ आले होते. आयोगानं एका झटक्यात दहा उडवले आणि त्यांत तीन मोठे मासे होते.

पहिले खैरत अल-शातेर, ब्रदरहूडचे धनाढ्य उद्योजक आणि संघटनेचं खरं डोकं. मुबारकांच्या काळात लष्करी न्यायालयानं त्यांना तुरुंगात टाकलं होतं. ती शिक्षा नोंदीवर असल्यानं ते अपात्र ठरले. आयमन नूरही अशाच कारणानं गेले. म्हणजे ज्या राजवटीनं विरोधकांना आत टाकलं तिचे निकाल राजवट पडल्यानंतरही विरोधकांना नडत राहिले.

दुसरे हाझेम सलाह अबू इस्माईल, सलफी, म्हणजे कट्टर इस्लामी विचारांचे, वकील. त्यांची पोस्टरं तेव्हा कैरोत जिकडेतिकडे लागली होती. आयोगानं सांगितलं की त्यांच्या दिवंगत आईनं अमेरिकी नागरिकत्व घेतलं होतं. आयुष्यभर अमेरिकेला शिव्या घालणाऱ्या नेत्याची उमेदवारी आईच्या पासपोर्टानं घालवावी, हा दैवदुर्विलास कैरोतल्या चहाच्या टपऱ्यांनी महिनाभर पुरवून वापरला. त्यांच्या समर्थकांना तो विनोद वाटला नाही. त्यांनी संरक्षण मंत्रालयाजवळ अब्बासियात ठिय्या दिला आणि मेच्या सुरुवातीला तिथे झालेल्या हल्ल्यात बरेच जण मारले गेले.

तिसरे ओमर सुलेमान. मुबारकांचे गुप्तहेर प्रमुख आणि शेवटच्या दिवसांतले उपराष्ट्राध्यक्ष. मुबारक गेल्याची घोषणा टीव्हीवर पडक्या चेहऱ्यानं वाचली ती त्यांनीच. पंधराव्या प्रांतात त्यांना ३१ सह्या कमी पडल्या, असं सांगण्यात आलं. देशातल्या प्रत्येकाची फाइल ज्याच्या कपाटात असायची त्याला ३१ सह्या मिळू नयेत, यावर किती जणांचा विश्वास बसला असेल ते तुम्हीच ठरवा. तिघांना एकदम काढलं की कुणालाच पक्षपात म्हणता येत नाही, असा तो हिशेब होता, असं मला वाटतं. पुरावा माझ्याकडे नाही.

आणि अहमद शफीक यांचं प्रकरण काय?

शफीक हे हवाई दलाचे माजी प्रमुख आणि मुबारकांचे शेवटचे पंतप्रधान. जुन्या राजवटीतल्या अशा बड्यांना निवडणूक लढवता येऊ नये म्हणून संसदेनं एप्रिलमध्ये घाईघाईनं ‘राजकीय बहिष्कार’ कायदा केला. २४ एप्रिलला आयोगानं त्याच्या आधारे शफीक यांना बाद केलं आणि दोनच दिवसांत पुन्हा आत घेतलं. तो कायदा घटनेत बसतो का, हा प्रश्न आयोगानं घटनात्मक न्यायालयाकडे पाठवून दिला.

म्हणजे आयोगाचे अध्यक्ष फारूक सुलतान यांनी प्रश्न विचारला न्यायालयाचे अध्यक्ष फारूक सुलतान यांना. उत्तर आलं १४ जूनला, दुसऱ्या फेरीच्या दोन दिवस आधी. शफीक राहिले. मतदानाच्या तोंडावर कायदा उलटा पडून ते गेले असते, तर काय गोंधळ उडाला असता याची कल्पना करा.

ब्रदरहूडनं उमेदवार देणार नाही म्हणून शब्द दिला होता ना?

दिला होता, फेब्रुवारी २०११मध्ये. सगळं गिळंकृत करायला निघालेत अशी भीती लोकांना वाटू नये म्हणून. त्या शब्दाला जागून अब्देल मोनेम अबुल फुतूह या आपल्या जुन्या नेत्याला त्यांनी संघटनेतून काढलंसुद्धा, कारण तो स्वतःहून उभा राहायला निघाला होता. मग ३१ मार्च २०१२ला स्वतःच शातेर यांचं नाव जाहीर केलं. शातेर बाद होतील या धास्तीनं मुर्सींचाही अर्ज भरून ठेवला.

लोकांनी मुर्सींना नाव पाडलं ‘इस्तब्न’. गाडीचं जादा चाक. हा शब्द म्हणजे आपली ‘स्टेपनी’च, तिकडे अरबी वळणानं बोलतात. डमी अर्जाची पद्धत आपल्याला नवी नाही. पण डमी उमेदवार थेट राष्ट्राध्यक्ष होतो हे विरळाच.

मतदान प्रत्यक्षात कसं झालं?

देशभर सुमारे १३ हजार केंद्रं, बहुतेक शाळांमध्ये. प्रत्येक केंद्रावर देखरेखीला न्यायाधीश. बाया आणि पुरुषांच्या रांगा वेगळ्या. मत दिलं की बोटाला शाई. लष्कर आणि पोलिसांतल्या लोकांना मताधिकार नाही. परदेशात राहणाऱ्या इजिप्शियनांना मात्र राष्ट्राध्यक्ष निवडायला पहिल्यांदा मतदान करता आलं.

मतपत्रिकेवर नाव, फोटो आणि चिन्ह. मुर्सींचा तराजू, शफीक यांची शिडी, डावे नेते हमदीन सबाही यांचा गरुड, अबुल फुतूह यांचा घोडा, माजी परराष्ट्रमंत्री अम्र मूसा यांचा सूर्य. निरक्षर मतदार मोठ्या संख्येनं असलेल्या देशात चिन्हाला काय मोल असतं ते आपल्याला कुणी सांगायला नको. छाननीनंतर तेरा उमेदवार उरले होते. त्यातल्या एकानं पुढे माघार घेतली तरी त्याचं नाव मतपत्रिकेवर तसंच राहिलं आणि त्याला वीस हजारांहून जास्त मतंही पडली.

अजून एक नवलाई. १० मेच्या रात्री अम्र मूसा आणि अबुल फुतूह यांचा वादविवाद दोन खासगी वाहिन्यांवर थेट दाखवला. राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारांचा तो देशातला पहिलाच. जाहिराती धरून चार तासांवर चालला. लोक कॅफेत खुर्च्या रस्त्यापर्यंत मांडून मॅच बघावी तसे बघत होते. त्या रात्री ‘पुढे’ वाटलेले हे दोघंही दुसऱ्या फेरीत पोचलेच नाहीत.

पहिल्या फेरीत काय निकाल लागला?

मतदान २३ आणि २४ मेला, सुमारे ४६ टक्के. मुर्सी २४.८ टक्के, शफीक २३.७, सबाही २०.७, अबुल फुतूह १७.५, अम्र मूसा ११.१.

आकडे नीट पाहा. पहिल्या दोघांची बेरीज ४८ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे अर्ध्याहून जास्त मतदारांना ब्रदरहूडही नको होतं आणि मुबारकांचा पंतप्रधानही. चौकाच्या जवळचे मानले गेलेले सबाही आणि अबुल फुतूह यांची मिळून ३८ टक्के होतात, मुर्सी किंवा शफीक कुणाहीपेक्षा कितीतरी जास्त. दोघांनी एकत्र यावं म्हणून बरेच मध्यस्थ फिरले. जमलं नाही. पहिलं नाव कुणाचं, इथेच गाडं अडलं. कैरो आणि अलेक्झांड्रिया या दोन मोठ्या शहरांत सबाही पहिले आले होते, आणि देशभरात शफीक यांच्याहून फक्त ६ लाख ८५ हजार मतांनी मागे राहिले.

लष्कराला दोष द्या, आयोगाला द्या. पण ही एक चूक चौकवाल्यांनी आपल्या हातानं केली.

मतमोजणीत घोळ झाला का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. माझं उत्तर: निकाल उलटा करण्याइतका घोळ झाल्याचं कुणी दाखवू शकलेलं नाही.

कारण मोजणी केंद्रावरच झाली. दार बंद झालं की त्याच वर्गखोलीत पेटी टेबलावर रिकामी करायची. न्यायाधीश एकेक मतपत्रिका उघडून नाव वाचणार, उमेदवारांचे प्रतिनिधी आजूबाजूला उभं राहून आपापल्या वहीत रेघा ओढणार. चार उभ्या, पाचवी आडवी. शेवटी आकडे तिथल्या तिथे जाहीर. पूर्वी पेट्या भरून ट्रकनं मोजणी केंद्रावर जायच्या आणि वाटेत त्यांचं काय व्हायचं ते देवालाच ठाऊक. या एका बदलानं जेवढं काम केलं तेवढं दहा निरीक्षक पथकांनी केलं नसतं. ब्रदरहूडकडे जवळपास प्रत्येक केंद्रावर माणूस होता. म्हणूनच दुसऱ्या फेरीनंतर, १८ जूनच्या पहाटे, सरकारी निकालाच्या सहा दिवस आधी, त्यांनी केंद्रवार बेरजा जाहीर करून टाकल्या. अंतिम आकडे त्यांच्या बेरजेच्या जवळपासच निघाले.

तक्रारी होत्याच. सरकारी छापखान्यातून आधीच खूण केलेल्या मतपत्रिका बाहेर आल्याचा आरोप झाला. काही गावांत ख्रिस्ती मतदारांना अडवल्याचा आरोप झाला. पहिल्या फेरीनंतरच्या सगळ्या हरकती आयोगानं फेटाळल्या. निरीक्षकांची परवानगी उशिरा आली आणि एका केंद्रावर अर्ध्या तासाहून जास्त थांबू देत नव्हते. माजी अमेरिकी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांच्या संस्थेनं तर सरळ सांगितलं की एवढ्या मर्यादित पाहणीवर संपूर्ण प्रक्रियेबद्दल मत देता येणार नाही.

मोजणी बरी होती, मग लोक चिडले कशावर?

१४ ते १७ जून या चार दिवसांवर.

१४ जूनला घटनात्मक न्यायालयानं शफीक यांना वाचवलंच, शिवाय पाच महिन्यांपूर्वी निवडून आलेली संसदही रद्द ठरवली. कारण असं की एक तृतीयांश जागा अपक्षांसाठी होत्या आणि तिथे पक्षांचे लोक उभे राहिले. कायद्याच्या भाषेत मुद्दा चुकीचा नव्हता. वेळ मात्र अचूक साधली होती. १६ आणि १७ला दुसऱ्या फेरीचं मतदान. १७च्या रात्री, केंद्रांची दारं बंद होताहोता, लष्करानं पुरवणी घटनात्मक जाहीरनामा काढला. कायदे करायचा अधिकार आणि अर्थसंकल्प स्वतःकडे घेतला. लष्कराच्या कारभारात नव्या राष्ट्राध्यक्षाला हात घालता येणार नाही आणि लष्कराच्या संमतीशिवाय युद्ध पुकारता येणार नाही, असं ठरवलं. नवी घटना लिहिणाऱ्या समितीच्या मसुद्यावर हरकत घ्यायचा हक्कही ठेवला.

नवरा मुलगा बोहल्यावर चढत असताना घराचा सातबारा दुसऱ्याच्या नावावर करून टाकण्याचा हा प्रकार. लोकांनी माणूस निवडला, पण त्या माणसाच्या खुर्चीला किती पाय असतील ते मतदान संपल्यावर ठरलं.

‘लिंबू पिळणारे’ म्हणजे कोण?

मुर्सी नकोत, पण शफीक तर मुळीच नकोत, म्हणून मन मारून मुर्सींना मत देणारे डावे, उदारमतवादी, तहरीरची पोरं. न आवडणारा पदार्थ घशाखाली उतरावा म्हणून आपण लिंबू पिळतो ना, तसंच. इजिप्तमध्ये हा शब्द नंतर शिवीसारखा वापरला गेला: ‘तू लिंबू पिळलंस, आता भोग.’ उलट बाजूला ‘फुलूल’, म्हणजे पडलेल्या राजवटीचं उरलंसुरलं. तिसरा गट मत बाद करणाऱ्यांचा. ते मुद्दाम रांगेत उभं राहून मतपत्रिकेवर दोघांच्या नावावर फुली मारून यायचे.

दुसऱ्या फेरीत बाद झालेली मतं ८ लाख ४३ हजार. मुर्सी आणि शफीक यांच्यातला फरक ८ लाख ८२ हजार. सगळी बाद मतं मुद्दाम केलेली नव्हती हे खरं. आपल्याकडे ‘नोटा’ आला तो पुढच्या वर्षी, २०१३मध्ये. तेव्हा कुणी या आकड्यांची आठवण काढल्याचं मी तरी ऐकलं नाही.

निकाल लांबला का?

तो २१ जूनला यायचा होता. आयोग म्हणाला, चारशेहून जास्त तक्रारी आहेत, वेळ लागेल. त्या तीन दिवसांत कैरोत अफवांना ऊत आला. पडद्यामागे सौदा चाललाय, शफीक यांना जाहीर करणार, रणगाडे तयार आहेत. २२ला मुर्सी एका हॉटेलात तरुण कार्यकर्ते आणि इतर पक्षांच्या नेत्यांना भेटले. सर्वांना सोबत घेऊन चालेन असा शब्द देऊन त्यांचा पाठिंबा घेतला. निकाल आपल्या बाजूनं असेल तर तो दाबला जाऊ नये, एवढ्यासाठी ती भेट होती.

२४ जून, रविवार. आपल्याकडे संध्याकाळ कलली होती, मी टीव्हीसमोर. फारूक सुलतान कागदांचा गठ्ठा घेऊन बसले आणि अमुक प्रांत, तमुक केंद्र, इतकी मतं कमी, तितकी जास्त, असं वाचतच राहिले. मिनिटांमागून मिनिटं गेली. चौकात लाखो लोक, कानाशी रेडिओ धरलेले, कुणी नमाज पढतंय, कुणी रडकुंडीला आलंय. आकडा आला तेव्हा जवळपास तास झाला होता: मुर्सी १ कोटी ३२ लाख ३० हजार १३१, शफीक १ कोटी २३ लाख ४७ हजार ३८०. पुढचं वाक्य ऐकूच आलं नाही, इतका आवाज झाला.

बरादेई का लढले नाहीत?

अणुऊर्जा संस्थेचे माजी प्रमुख आणि नोबेल मानकरी मोहम्मद अल-बरादेई यांनी जानेवारी २०१२मध्येच माघार घेतली. खरी लोकशाही चौकट असल्याशिवाय उभं राहणं आपल्या मनाला पटत नाही, असं ते म्हणाले. तेव्हा मला तो पळपुटेपणा वाटला होता. आता तितकं ठामपणे म्हणवत नाही.

मग ही निवडणूक न्याय्य होती की नाही?

मत टाकताना आणि मोजताना बहुतांशी न्याय्य. त्याआधी आणि त्यानंतर नाही. कोण उभं राहील हे अपील नसलेल्या आयोगानं ठरवलं, जिंकणाऱ्याच्या हाती काय पडेल हे बंदूकवाल्यांनी ठरवलं, आणि मधलं काम तेवढं लोकांवर सोडलं. ते लोकांनी चोख केलं. घटना आधी की निवडणूक आधी, हा वाद चौक २०११च्या मार्चमधल्या सार्वमतातच हरला होता. पुढची बरीच भांडणं त्याचीच पिल्लं.

पण मुर्सींनी स्वतःच सगळं घालवलं, असंही म्हणतात.

बरंच घालवलं. ऑगस्ट २०१२मध्ये त्यांनी तंतावींना घरी बसवलं आणि लष्कराचा जाहीरनामा रद्द केला, तेव्हा शफीक यांना मत दिलेल्यांनीही भुवया उंचावल्या. त्याच दिवशी त्यांनी संरक्षण खातं अब्देल फतह अल-सिसी यांच्याकडे सोपवलं. मग २२ नोव्हेंबरला फर्मान काढून आपले निर्णय कोर्टाच्या कक्षेबाहेर नेले. कलम २८ची चव चाखलेल्या माणसानं स्वतःसाठी तसंच कलम लिहावं! जूनमध्ये लिंबू पिळणारे दुसऱ्याच दिवशी चौकात त्यांच्याविरुद्ध उभे होते. पण निवडून आलेल्याची चूक पुढच्या निवडणुकीत दुरुस्त करायची असते. जुलै २०१३मध्ये ती सिसींच्या रणगाड्यांनी केली. ऑगस्टात मुर्सीसमर्थकांनी ठिय्या दिलेला कैरोतला रबा चौक रिकामा करताना, ह्युमन राइट्स वॉचच्या गणतीनुसार, किमान ८१७ माणसं मारली गेली.

त्यानंतर निवडणुका झाल्या का?

झाल्या. मे २०१४मध्ये सिसी यांना जवळपास ९७ टक्के मतं पडली. दोन दिवसांचं मतदान, गर्दी होईना म्हणून तिसरा दिवस वाढवला. समोर एकटे सबाही. त्यांना पडलेल्या मतांपेक्षा बाद मतं जास्त निघाली. २०१८मध्ये पुन्हा ९७ टक्के. माजी लष्करप्रमुख सामी अनान यांनी उमेदवारी जाहीर केली आणि काही दिवसांतच त्यांना अटक झाली. २०१९मध्ये घटना बदलून मुदत सहा वर्षांची केली आणि सिसी यांना २०३०पर्यंत वाट मोकळी झाली. २०२३च्या डिसेंबरात ८९.६ टक्के. आकडे पुन्हा मुबारकांच्या वळणावर गेले.

२०१२चे ते उमेदवार आता कुठे आहेत?

अम्र मूसा यांनी २०१३ची नवी घटना लिहिणाऱ्या पन्नास जणांच्या समितीचं अध्यक्षपद भूषवलं. शफीक हरल्यावर अमिरातीत जाऊन राहिले. २०१८ची निवडणूक लढवणार म्हणाले, परत कैरोत आणले गेले आणि महिनाभरात ‘मी योग्य माणूस नाही’ म्हणून मोकळे झाले. सगळ्यात तरुण उमेदवार, वकील खालेद अली, यांनीही २०१८ला उभं राहायची तयारी करून माघार घेतली. अबुल फुतूह यांना फेब्रुवारी २०१८मध्ये अटक झाली, २०२२मध्ये पंधरा वर्षांची शिक्षा. शातेर २०१३पासून तुरुंगात. ओमर सुलेमान निकालानंतर महिन्याभरात अमेरिकेतल्या इस्पितळात वारले. आणि मुर्सी १७ जून २०१९ला कैरोच्या न्यायालयात, आरोपींच्या पिंजऱ्यात बोलत असताना कोसळले आणि गेले. सात वर्षांपूर्वी त्याच तारखेला दुसऱ्या फेरीचं मतदान संपलं होतं.